दादाने पाठवलेला हेडफोन

नाही नाही, असा नाही. काढा. आधी काढा तो. अहो, टोपी चढवल्यासारखा काय चढवताय — डावी बाजू डाव्या कानाला, आतून खूण असते बघा, हां, ती. आणि मान काय डोलवताय लगेच? मी अजून काही लावलेलंच नाही! 'मस्त आहे' म्हणे. काय मस्त आहे? काही वाजतच नाहीये, तर त्यात मस्त काय आहे? तुमच्यासारखे लोक ना — रागावू नका, म्हणजे रागावलात तरी चालेल — तुमच्यासारखे लोक खोक्यावरचं नाव वाचूनच मान डोलवायला लागतात. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय करकरतो. इकडे, या स्टुलावर. पंखा बंद करतोय, जरा उकडेल, सहन करा. खिडकी लावली. हेडफोन पारखायचा म्हणजे खोली कशी पाहिजे? टाचणी पडली तरी कळली पाहिजे. हा माझा नियम आहे, आणि तो मी पाहुण्यासाठी मोडत नाही, गिऱ्हाईकासाठी तर नाहीच. ऑफिसात मला कानसेन म्हणतात. कुणी कुत्सितपणे म्हणत असेल, म्हणू दे, पण म्हणतात. जिन्यातून मांजर गेलं तरी मला कळतं.

हो हो, जाहिरात या काळ्या हेडफोनचीच दिलीय, मान्य. विकायचाही काळाच आहे. पण माझ्या घरातून कुणी न ऐकता काही विकत नेलेलं मला चालायचं नाही, म्हणून आधी हा दुसरा ऐका — हा करडा. हसू नका! जुना आहे, वायरीचा आहे, कानाच्या गाद्या दोनदा बदलल्यात, घडी घालताना कट्‌कन वाजतो, सगळं खरं. बाबांनी घेतलेला आहे तो. माझ्या बाबांनी. ते इमारतींचे नकाशे काढायचे, कामासाठी गावोगाव फिरायचे, आणि बॅगेत कपडे कमी पडले तरी चालतील पण हा पाहिजेच. मला ऐकायला त्यांनीच शिकवलं. याची एक बाजू उलटी फिरते, ही बघा — तर एक कान त्यांचा, एक माझा, असे आम्ही बसायचो, डोक्याला डोकं लावून, तासन्‌तास, आणि आई म्हणायची, बापलेक चिकटले बघा परत. दादा? छे. दादाला कसली गोडी! दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बाहेर उंडारत असायचा, त्याचा आवाज अख्ख्या गल्लीला. त्याच्यावर येतो मी. त्याच्यावर आल्याशिवाय राहतोय का!

आता नीट ऐका मी काय सांगतो ते. दोन हेडफोन समोर ठेवले, चांगला कोणता हे ठरवायचंय, तर पहिलं काम काय? दोघांचा आवाज सारखा करून घ्यायचा. अगदी सारखा! का? कारण जो जरा मोठ्याने वाजतो ना, तोच चांगला वाटतो. माणसाचा कानच तसला. दुकानदाराला हे बरोबर ठाऊक असतं — जो खपवायचाय त्याचा आवाज हळूच थोडा वर, आणि तुम्ही म्हणता, वा, काय खुलून येतंय! खुलून कसलं येतंय, नुसतं ओरडतंय. आणि घरात तरी काय वेगळं असतं हो? घरातही तेच. जो मोठ्याने बोलतो त्याचं खरं. दादा फोनवर बोलायला लागला की मी फोन हातभर लांब धरतो तरी ऐकू येतो, आणि सगळे नातेवाईक म्हणतात, थोरल्याचं बाई वडिलांवर किती लक्ष! आणि मी? मी इथे राहतो, मी सगळं करतो, मी मूग गिळून बसायचं. बरं, ते राहू दे. व्हायोलिन लावतो.

डोळे मिटा. मिटा हो, मी काही पळवत नाही तुमचं. हं. गज तारेवर टेकवायच्या आधी वाजवणारा श्वास घेतो — ऐकलात? नाही? परत लावतो. आता? आला ना! बघा चेहरा कसा बदलला तुमचा! माणूस बसलाय समोर, जिवंत. हा करड्यावर आला. आता काळा चढवा. मी आवाज सारखा केलाय, शंका नको. हं... आहे श्वास? शोधा. शोधत बसा! गिळला त्याने. का? कारण तो खालचे सूर फुगवतो आणि बाकीच्यांच्या अंगावर टाकतो. काय म्हणालात? 'बास छान आहे'? अहो, बास छान नाही, बास जास्त आहे! पोट सुटलेल्या माणसाला तुम्ही तब्येत छान आहे म्हणता का?

तेच, तेच सांगतोय. बाहेरचा आवाज बंद करायची सोय आहे त्यात, हो, आत्ता चालूच आहे. सगळे त्यालाच भुलतात. या इथे बारीक छिद्रं आहेत, आत माईक. ते बाहेरचं ऐकतात आणि बरोबर त्याच्या उलटा आवाज आत सोडतात, मग दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. पण सगळं खात नाही हं तो. घुंऽऽ करत एकसारखा चाललेला आवाज असतो ना — विमानाचं इंजिन, बसचं इंजिन — तेवढा खातो. कुणी हाक मारली, भांडं पडलं, दार आपटलं, तर ते येतंच आत. आता मला सांगा, माझ्या घरात कुठलं विमान उडतंय? तुम्ही बसने जाता-येता, तुम्हाला उपयोग असेल, घेऊन जा, सुखी व्हा. पण घरात? शांत खोलीत? नसत्या रोगाला औषध कशाला?

काय भांडण असणार माझं त्याच्याशी? काही नाही. यंत्राशी कोण भांडतं! भेट आली, पडून राहिली, म्हणून विकतोय. दादाने पाठवलाय. नाही, मला नाही हो, मला कशाला पाठवेल! बाबांना. हो, आहेत ना, आतच आहेत, पडद्यापलीकडे. हळू बोलायची गरज नाही, त्यांना सगळं कळतं, बोलता येत नाही एवढंच. झटका आला — उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात चालतो. कान शाबूत आहेत, देवाची कृपा. त्यांना उठवायचं कुणी, मी. पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची — मी. दिवसा बाई असतात, पण सकाळ-संध्याकाळ मीच. आणि दादा तिकडे परगावी बसून उंटावरून शेळ्या हाकणार. फळं देतोस का रे, व्यायाम होतो का रे, डॉक्टर बदल रे. ये ना मग! उचल ना एकदा!

आला होता, तेही सांगतो. एक रात्र राहिला. एक! बाबांच्या खोलीत खाली अंथरूण टाकून झोपला, केवढं ते प्रेम, आणि सकाळी डोळे लाल करून बाहेर आला, मी चहा गाळत होतो, तर मला म्हणतो, 'अरे, या आवाजात बाबा झोपतात तरी कसे?' आवाज! माझ्या घरात! म्हटलं, कसला आवाज? तर म्हणे, 'तुला ऐकू येत नाही?' मला! मला विचारतो ऐकू येत नाही का! ज्याला बेसूर आणि सुरेल यातला फरक कधी कळला नाही तो माणूस मला विचारतो! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो पुढे काहीतरी बोलत होता, मी म्हटलं, तुझी गाडी चुकेल, आवर. बोलूच दिलं नाही. आणि थोड्या दिवसांनी हे खोकं दारात. मागून फोन — 'बाबांना लाव, जरा शांतता मिळेल त्यांना.' शांतता! म्हणजे मी इथे काय ढोल बडवतो?

पण मी काही अन्याय करणारा माणूस नाही. मी म्हटलं, रीतसर परीक्षा घेऊ. बाबांचीच घेऊ, त्यांच्याइतका पारखी कोण आहे? सुट्टीच्या दिवशी घेतली. खिडकी लावली, पंखा बंद, फ्रिज बंद, त्यांच्या हवेच्या गादीची मोटर बंद — झोपून झोपून पाठीला जखमा होतात ना, म्हणून हवेची गादी असते, तिला हवा भरणारी मोटर असते, थोडा वेळ बंद ठेवली तर काही बिघडत नाही — सगळं चिडीचूप केलं. दोघांचा आवाज मोजून सारखा केला. बाबांच्या डोळ्यांवर रुमाल ठेवला, माझं बोट जरी दिसलं तरी ते ओळखतील. आधी करडा, मग काळा. मग उलट. मग परत उलट. पहिला बरा असेल तर एक बोट, दुसरा बरा असेल तर दोन. आणि दर वेळी, दर वेळी हो, करडा! एकदाही चुकले नाहीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाचा गेली, पण माणूस गेला नव्हता माझा, आत होता, ऐकत होता. तिथल्या तिथे दादाला फोन लावला. म्हटलं, लागला निकाल, बाबांनी तुझा नापास केला. मला वाटलं भांडेल. तर म्हणाला, 'बरं. तुला योग्य वाटेल ते कर.' ते 'बरं' अजून डोक्यात आहे माझ्या. भांडला असता तर परवडलं असतं.

मग लगेच का नाही विकला? अहो, तुम्ही गिऱ्हाईक आहात की पोलीस? ऐका तिकडे व्हायोलिन. ... विचारताय तर सांगतो. करडा लावला की बाबा जरा वेळ ऐकतात, आणि मग मान झटकतात. मी परत नीट बसवतो, परत झटकतात. डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर मारत राहतात, थप थप, थप थप. मी रेकॉर्ड बदलली. पियानो लावला. आईला आवडायचं ते लावलं. झटकतात! स्वतः निवडलेला हेडफोन झटकतात! जेवण जात नाही, झोप नाही, डोळे खोल गेलेत, आणि डॉक्टर म्हणतात, झोप नाही आली तर असंच खंगत जाणार, पण अशा दुखण्यात माणूस चिडतोच, काय करणार. मीही म्हटलं, चिडलेत. माझ्यावर चिडलेत. मग एक दिवस ऑफिसातून आलो, तर बाईंनी त्यांना काळा चढवलेला. आणि त्यात गाणंसुद्धा नाही हो! बाईंना लावता येत नाही, त्यांनी एक बटण दाबलं आणि घातला. नुसता मुका हेडफोन कानावर, आणि बाबा झोपलेले. गाढ. तोंड उघडं, लाळेचा ओघळ आलेला, लहान पोरासारखे. बाई कौतुकाने म्हणाल्या, 'जेवण झाल्यापासून एकदाही दांडी वाजवली नाही बघा.'

मी काढला. काढला तो मी त्यांच्या कानावरून! झोपलेल्या माणसाच्या! जागे झाले, माझ्याकडे बघितलं, आणि नजर फिरवली. काय बघताय असे? तुम्ही नसता काढला? मला वाटलं, त्यांना कळलंय तो दादाचा आहे. गाणं नाही, काही नाही, नुसतं थोरल्याने पाठवलेलं काहीतरी कानाला कवटाळून झोपलेत! उचलणारा मी, भरवणारा मी, आणि कवटाळायला तो. असं माझ्या आत काहीतरी झालं, मी बाईंवर ओरडलो, बाई रडल्या, आणि मी जाहिरात टाकली. घरात तो नकोच. समजलं आता? मिळालं उत्तर? मग बोला, घेताय की नाही.

काय? काय चालू आहे? काही चालू नाही. तुमच्यासमोर पंखा बंद केला मी. घुंऽऽ? कसलं घुंऽऽ? फ्रिज असेल. नाही, फ्रिज तर... मला काही येत नाही ऐकू. अहो, कानसेन मी आहे की तुम्ही? तुम्हाला व्हायोलिनचा श्वास परत लावून दाखवावा लागला! ... काळा काढल्यावर सुरू झाला? असं कसं सुरू होईल? घाला परत. गेला? काढा. आला? खरं सांगा, माझी चेष्टा करत नाही ना? इकडे द्या. द्या म्हणतो ना! ...

... थांबा. परत काढून बघतो.

अरे. ही मोटर आहे. गादीची मोटर. ती असतेच हो, तिचं काय एवढं? दिवसरात्र असते, बंद केली तर गादी बसते. तिला काय ऐकायचं, ती आहेच, भिंत असते तशी — तुम्ही भिंत बघता का रोज? पण इथपर्यंत येतो आवाज? पडद्यातून? मग तिथे... तुम्ही बसा. आलो मी.

बसलात अजून? मला वाटलं गेला असाल. पंखा लावायचा होता की.

मी त्यांच्या उशीवर डोकं टेकवलं. त्यांच्या शेजारी, त्यांच्या डोक्याला डोकं लावून. पलंग लोखंडी आहे. मोटर डोक्याकडच्या दांडीला अडकवलेली आहे, मीच अडकवली, माझ्या पायात येऊ नये म्हणून, मीच, हौसेने, दोन आकडे आणून. अख्खा पलंग घुमतो हो! नुसता कानात येत नाही तो आवाज, दाढेत येतो. कवटीत येतो. मी जरा वेळ पडलो तर मला ओरडावंसं वाटलं, आणि त्यांना ओरडताही येत नाही. थप थप करत होते ना, ती तीच दांडी. मोटरपाशीच मारत होते! हात दुखेपर्यंत दाखवत होते मला, आणि मी रेकॉर्डी बदलत होतो! पियानो लावू का बाबा, व्हायोलिन लावू का बाबा!

आणि परीक्षेच्या वेळी ती बंद करायचं बरोबर सुचलं मला! का, तर माझ्या परीक्षेत व्यत्यय नको. बाबांना तिचा त्रास होत असेल हे नाही सुचलं. मोटर बंद होती म्हणून तर त्यांनी करडा निवडला, निवडणारच, अस्सल कान आहे त्यांचा. निकाल बरोबरच होता, आणि मी तो निकाल घेऊन नाचलो. परीक्षा झाली, मोटर चालू केली, आणि त्यांना परत तिच्या तोंडी दिलं. कानसेन म्हणे! जोड्याने मारायला पाहिजे कानसेनला.

दादाने एका रात्रीत ऐकलं. ज्याला काही ऐकू येत नाही असं मी जन्मभर म्हणत आलो, त्याने. मला लाज वाटतेय, तुमच्यासमोर सांगतो, भयंकर लाज वाटतेय — आणि राग? राग अजून त्याचाच येतोय, बघा! सरळ 'मोटर' म्हणायला काय झालं होतं त्याला? इतर वेळी गल्लीला ऐकू जाईल असा बोलतो, आणि नेमकं तेव्हा... नाही. बोलत होता तो. मी गाडी चुकेल म्हटलं.

द्या तो. काळा. हातात काय धरून बसलात, द्या. नाही, विकायचा नाही. जाहिरात दिली होती, काढून टाकीन जाहिरात. तुम्ही लांबून आलात, ठाऊक आहे मला, पण मी काय करू, गाडीभाडं मागणार आहात का माझ्याकडे? वाढवून कशाला देताय, पैशाचं नाव काढू नका! करडा? करडा पण नाही! तो आमच्या दोघांचा आहे, त्याची वेळ येईल परत. आधी ती मोटर खाली उतरवतो, जाड घोंगडीवर ठेवतो, तरी थोडी घुमणारच. तेवढं हा खाईल. खाऊ दे. श्वास नाही ऐकू आला व्हायोलिनवाल्याचा तर नाही आला, मरू दे त्याचा श्वास.

आणि दादाला फोन करावा लागेल आता. काय म्हणू? तुझं बरोबर होतं म्हणू? परत 'बरं' म्हणेल तो. मला नाही ऐकवणार ते 'बरं'. ... करीन. उद्या करीन.

आलो बाबा, आलो! ऐकताय ना, मारतायत दांडीवर. उठा आता तुम्ही. आभार कसले मानताय, माझ्या घरी येऊन मला माझ्याच घरातला आवाज दाखवलात, तुमचा तर सगळ्यात जास्त राग येतोय मला. चपला घाला आणि निघा. मला बाबांना झोपवायचंय. आणि जाताना दार हळू ओढून घ्या — आपटलेलं दार हा खात नाही, मघाशी सांगितलं ना.